सामिंतेनच्या पडवीतली काळी पोती

गढूळ पाण्यात तुम्ही तुरटी फिरवलीत, पाणी निवळलं, वरचं नितळ पाणी काढून घेतलंत. खाली बसलेल्या साक्याचं काय केलंत? सांगा ना. मोरीत ओतलात? कुंडीतल्या झाडाला घातलात? आठवत नाही, बरोबर? कुणालाच आठवत नाही. डोळे वरच्या पाण्यावर असतात.

आमच्या कारांगसुमुरात एका बाईने तो साका जपून ठेवला. तिला मी रोज बघते, आणि अजूनही मला खरं वाटत नाही की हे घडलं. दिवसाढवळ्या घडलं, सगळ्या गावाच्या नाकासमोर, हसतखेळत घडलं.

सामिंतेन ताहू बनवायची. ताहू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. आमच्याकडे ताटात ते नसेल तर माणसं विचारतात, आज घरात कुणी आजारी आहे का? तिच्या घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये भुश्शावर पेटणारं चुलाण, शेडीच्या पडवीत एका रांगेत निळी पिंपं, आणि शेडीला लागून विहीर. नवरा ट्रकखाली गेला तेव्हा मुलगा वालुयो अजून रांगत होता. तो पोरगा ताहूवर वाढला, ताहूवर शिकला, आणि लग्नही ताहूवरच झालं.

ताहूवाल्याच्या घरात फेकायची बादली नसते, हे आधी समजून घ्या. दूध गाळून उरलेला चोथा थोडा शेळ्यांना, थोडा आंबवून वड्यांना. ताहू दाबताना सुटलेली आंबट निवळी मडक्यात राखायची, उद्याचं दूध तिनेच फाडायचं. भांडं विसळलेलं पाणीसुद्धा बदकांना. सामिंतेन नव्या पोरींना शिकवायची तेव्हा पिंपात हात घालून फाटलेल्या दुधाचे पांढरे गोळे वर काढून दाखवायची. "आपला माल खाली बसतो गं. वर राहतं ते नुसतं पाणी." हे वाक्य लक्षात ठेवा.

गावाच्या वरच्या अंगाला शहराचा कचरा डेपो आहे. मी स्वतः त्या कचऱ्याच्या डोंगरावर प्लास्टिक वेचलंय, त्यामुळे मला कुणी त्याचं वर्णन ऐकवू नये. डोंगराखालून जो काळा पाझर निघतो तो धरायला डेपोवाल्यांनी कुंड बांधलं, आणि एका पावसाळ्यात कुंडाची भिंत तडकली. त्या वर्षी गावातल्या विहिरी एकामागून एक चहासारख्या झाल्या. आम्ही डेपोच्या ऑफिसवर गेलो. तिथले कुंतोरोसाहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "कुंडातलं पाणी तपासलेलं आहे. नियमात बसतं."

"मग एक पेला प्या ना," मी म्हटलं.

"गिनेम, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"पिण्यात आहे का?"

त्यांनी शिपायाला हाक मारली. असो.

पाणी तपकिरी झालं तसा सामिंतेनचा ताहू तपकिरी झाला. बाजारात जुमिरा तिच्या शेजारी मासळी घेऊन बसते, तोंडाने तिखट. आमच्याकडे आईला आणि वडीलधाऱ्या बाईला बू म्हणतात. ती म्हणाली, "बू, ताहू आज उन्हात फिरून आला वाटतं. चांगलाच रापलाय." बायका हसल्या. सामिंतेनही हसली, पण ते टोपलं तिने तसंच भरलेलं घरी आणलं.

तेवढ्यात सून, रात्मी, गरोदर राहिली. आणि वालुयोने आईला स्पष्ट सांगितलं, "बू, असल्या पाण्यात मी माझं मूल वाढवणार नाही. बाळंतपणाच्या आत विहीर सुधारली तर ठीक. नाहीतर आम्ही तेमांगुंगला, रात्मीच्या माहेरी जाऊ. कायमचे."

सामिंतेन रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सुधारेल." त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेनासं झालं. नातवंड या घरात जन्मायला हवं, बस.

विद्यापीठातली हप्सारी नावाची मुलगी डेपोच्या कुंडावर अभ्यास करायला येत होती. चष्मा, पायात रबरी बूट, बोलणं मऊ. मी तिला गावात बोलावलं, म्हटलं, आमच्या लोकांना दाखव तू काय करतेस ते. तिने गावच्या मंडपात टेबलावर काचेच्या बरण्या मांडल्या, सगळ्यांत तोच काळा पाझर. एकीत तुरटीचं पाणी, एकीत लोखंडाचं कसलं तरी पिवळट रसायन, एकीत शेवग्याच्या बियांची पूड पाण्यात कालवून फडक्यातून गाळलेली, आणि एकीत थोडी तुरटी, थोडा शेवगा. आधी जोरात ढवळलं, मग हळूहळू, मग हात काढून घेतला.

आम्ही बघत राहिलो. काळ्या पाण्यात बारीक कण दिसायला लागले, कण एकमेकांना चिकटून गोळे झाले आणि गोळे खाली बसायला लागले.

"अगं बाई," सामिंतेन उठून उभी राहिली, "हा तर ताहू!"

मंडपात हशा पिकला. हप्सारीही हसली. "हो बू, तेच. तुम्ही दूध फाडता, मी हे फाडते." मग ती समजावत राहिली की नुसत्या शेवग्याने रंग पुरता जात नाही, नुसती तुरटी फार लागते, पण दोन्ही मिळून कमी तुरटीत काम होतं, वगैरे. ते ऐकायला सामिंतेन जागेवर नव्हती. ती टेबलापाशी जाऊन बरणीच्या तळाशी डोळा लावून बसली होती.

शेवगा तर आमच्याकडे कुंपणाकुंपणाला. तिने वाळलेल्या शेंगा गोळा केल्या, बिया सोलल्या, कुटल्या. तिची विहीर म्हणजे हप्सारीच्या बरणीइतका दाट पाझर नव्हे, त्यात विहिरीचं पाणीही होतंच. पिंपात पाणी भरलं, तुरटी आणि शेवगा घातला, ताहूच्या लाकडी उलथन्याने ढवळलं. तिच्या हाताला ते ढवळणं कुणी शिकवायची गरजच नव्हती.

शेवगा म्हटल्यावर जुमिरा गप्प बसेल? आमच्याकडे मयताला न्हाऊ घालताना पाण्यात शेवग्याचा पाला टाकतात. पुष्कळ घरांत म्हणून शेवगा चुलीजवळसुद्धा येऊ देत नाहीत. "बू, तुझ्या ताहूला न्हाऊ घालून वर पाठवतेस की काय?"

"तुला आधी घालीन," सामिंतेन म्हणाली. "तोंडापासून सुरुवात करीन."

आणि पाणी निवळलं! मी पेला भरून हाताने उचलून पाहिला. पेल्याच्या पलीकडे बोटांच्या रेषा दिसत होत्या. ताहू पुन्हा पांढरा झाला. गावातल्या बायका कळशा घेऊन तिच्या शेडीत यायला लागल्या. घरोघरी शेवगा कुटण्याचा आवाज. मग एक दिवस कुंतोरोसाहेब फोटोवाल्याला घेऊन आले. सामिंतेनच्या हातात पेला दिला, बाजूला स्वतः उभे राहिले, आणि तो फोटो डेपोच्या फाटकावर लागला. खाली मोठ्या अक्षरांत: लोकसहभागातून शुद्ध पाणी.

माझं डोकं फिरलं. मी तिच्या घरी जाऊन ओरडले, "कळतंय का तुला? भिंत त्यांची फुटली, पाणी तू निवळतेस! आता ते भिंत बांधतील कशाला?"

"तू मोर्चा काढ ना. मी आडवी आलेय का?"

"तुझा फोटो आडवा आलाय!"

"गिनेम, तुला भिंत हवीय. मला सून हवीय. तुझी भिंत होईपर्यंत माझं नातवंड शाळेत जाईल, तेही तेमांगुंगच्या. बस, भात खाऊन जा."

भात खाल्ला. ताटात नाळीची भाजी होती, लसूण-मिरचीत परतलेली, पानं हाताएवढी. मी विचारलंही, एवढी कशी माजली गं? ती म्हणाली, "खत." मी दुसऱ्यांदा घेतली.

पुढे वालुयोने जायचं बोलणं सोडलं. सातवा महिना लागला तसं न्हाण ठरलं. तुमच्याकडे डोहाळजेवण असतं तसं आमच्याकडे सातव्या महिन्याचं न्हाण. सात विहिरींचं पाणी आणायचं, त्यात फुलं टाकायची, आणि वडीलधाऱ्या बायकांनी करवंटीने गरोदर पोरीच्या डोक्यावर एकेक करून ते ओतायचं. पण सात विहिरी चांगल्या उरल्या होत्या कुठे? सामिंतेनने सात घरांचं तपकिरी पाणी आणलं आणि सातही पिंपं निवळली. अंगणात ती सात नितळ पिंपं ओळीने ठेवली तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. गावाची अब्रू परत आल्यासारखं वाटलं.

रात्मीला पाटावर बसवलं. पाणी ओतलं. ती कुडकुडत हसत होती. जुमिरा म्हणाली, "अगं, पोट बघ केवढं. आत एक आहे की ताहूचं पिंप आहे?" मग केळीच्या पानांवर जेवण वाढलं. पिवळा भात, अंडी, आणि मधोमध खोबरं लावून कालवलेली नाळीची भाजी, डोंगराएवढी. सामिंतेन सुनेला स्वतःच्या हाताने भरवत होती. "खा. हिरवं खा. बाळाचं रक्त यानेच होतं."

हप्सारीलाही बोलावलं होतं. ती उशिरा आली, बॅग खांद्यालाच, चेहरा उतरलेला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तपासायला नेलेल्या विहिरीच्या निवळलेल्या पाण्याचा निकाल आलाय. रंग गेलाय, पण जे विरघळलेलं होतं ते बरंचसं तसंच आहे. अमोनिया तर जवळजवळ पूर्ण आहे. हे पिऊ नका, यात शिजवू नका. मी आज सगळ्यांना सांगणार आहे."

"इतके दिवस का नाही बोललीस?"

"मी मंडपात म्हटलं होतं की हे पिण्यासाठी नाही. बहुतेक कुणी..."

बहुतेक कुणी ऐकलं नाही. आम्ही पेल्याकडे बघत होतो.

सामिंतेनने तिला हाताला धरून पानावर बसवलं. "आधी जेव, मग तुझं शास्त्र." हप्सारीने एक घास घेतला, दुसरा घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून, बिचारी, म्हणाली, "बू, भाजी फार छान आहे. बाजारची वाटत नाही."

"बाजारची कशी असेल? माझ्याच वाफ्यातली. आणि तुझ्याच कृपेने." सामिंतेन खूश होती. "तो तुझा काळा ताहू. फडक्यात बांधून दाबते, पाणी काढते, वड्या वाळवते आणि मुळाशी घालते. सगळ्या गल्लीला दिल्या मी. फेकायचं कसं? आपला माल खाली बसतो."

हप्सारीचा हात पानावर थांबला.

तो क्षण मी विसरू शकत नाही. तिने तोंडातला घास गिळला नाही, थुंकलाही नाही. डोळे फिरवून आधी भाजीच्या ढिगाकडे पाहिलं, मग रात्मीच्या पोटाकडे. मग तोंडाशी हात नेऊन घास हातात काढला.

"बू," ती म्हणाली, "त्या पाण्यातलं जे जड आहे ना, शिसं, क्रोम, ते सगळं त्या गोळ्यांना चिकटून खाली बसतं. म्हणून तर आपण ते घालतो. ते... ते तिथे साठतं, बू."

"म्हणजे?"

"म्हणजे विष काढलंत ते बरोबर. पण काढलेलं विष त्या वड्यांत आहे."

अंगणातल्या प्रत्येक बाईने आपापल्या पानाकडे पाहिलं, आणि मग एकेकीने ते पान हळूच लांब सरकवलं. रात्मीने सासूचा हात धरला होता, तो सोडला. मुद्दाम नाही सोडला. तो सुटला.

मी हप्सारीवर तुटून पडले. "तुमच्या प्रयोगशाळेत त्या गाळाचं काय करता?"

"पिंपात भरून सील करतो. वेगळी गाडी येऊन घेऊन जाते."

"आणि हे इथे सांगावंसं वाटलं नाही?"

"कुणी विचारलं नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. खरंच होतं ते. मंडपात सगळ्या गावाने शंभर प्रश्न विचारले होते. शेवगा कुठला, तुरटी किती, ढवळायचं किती वेळ. हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि एकटी सामिंतेन अशी होती की तिला त्याचं उत्तर आधीच माहीत होतं, आईच्या हाताखाली शिकलेलं.

ती उठली, वाफ्यापाशी गेली, आणि सणाचं लुगडं नेसलेली तशीच वाकून भाजी उपटायला लागली. मुळांसकट. मग कुदळ घेऊन माती. स्वतःचा वाफा झाल्यावर शेजारच्या अंगणात गेली. शेजारीण मध्ये पडली, "बू, माझ्या मिरच्या राहू देत, मी नाही टाकली जास्त."

"टाकलीस. मी दिली होती."

"अगं पण आत्ता फुलावर आल्यात!"

"म्हणूनच."

असं दारोदार. काही घरांत शिव्या बसल्या, एकीने दार लावून घेतलं. सामिंतेन त्या दारापुढे उकिडवी बसून राहिली, दार उघडेपर्यंत. माती, वड्या, मुळं, सगळं पोत्यांत भरलं. जुमिरा आपणहून मदतीला आली आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलली नाही.

पुढे हप्सारीने मातीचा आणि वड्यांचा निकाल आणला. जे ती म्हणाली होती तेच, शिक्क्यानिशी. आम्ही पोती हातगाडीवर लादली आणि डेपोच्या फाटकावर नेली, सामिंतेनच्याच हसऱ्या फोटोखाली.

"साहेब, तुमचं तुम्ही घ्या," सामिंतेन म्हणाली.

कुंतोरोसाहेबांनी आम्हाला ऑफिसात बोलावून निकालाचा कागद वाचला. दोनदा वाचला. मग ते जे बोलले ते मी शब्दशः देते, कारण माझ्या मनाने मी असलं काही रचू शकले नसते.

"हा तर घातक कचरा आहे. आमच्या डेपोला घातक कचरा घ्यायची परवानगी नाही."

"तुमच्याच कुंडातून आलाय!" मी म्हटलं.

"कुंडातून पाणी गेलं असेल. पाणी नियमात बसतं. हे पाणी नाही. हे या बाईंनी घरी तयार केलंय."

"तयार केलंय?"

"कायदा तसं म्हणतो. ज्याने तयार केला त्याने सांभाळायचा. परवानगीशिवाय घरात ठेवला तर गुन्हा, बाहेर फेकला तर मोठा गुन्हा. बू, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय, परत न्या."

मी त्यांच्या टेबलावर काय आपटलं ते इथे लिहीत नाही. पण सामिंतेन शांत होती, भीती वाटावी इतकी. तिने विचारलं, "साहेब, म्हणजे पाण्यात होतं तोवर ते कुणाचंच नव्हतं, आणि मी गोळा केलं म्हणून माझं झालं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फाटकावरचा फोटो तेवढा काढला.

त्याच आठवड्यात सामिंतेनने रात्मीची बॅग स्वतः भरली. वालुयो म्हणाला, "बू, मी जायचं म्हणत नाहीये."

"मी म्हणतेय. बाळाचं दुपटं खाली ठेवलंय, ओलं होऊ देऊ नकोस." ज्या एका गोष्टीसाठी तिने हा सगळा खटाटोप केला होता, ती तिने आपल्या हाताने बसमध्ये बसवून दिली. गाडी वळणाआड गेल्यावर मला म्हणाली, "चल, पोती झाकायची आहेत."

मुलगी झाली, तेमांगुंगला. वजन बरं आहे. डॉक्टर म्हणतात, वाढीवर लक्ष ठेवा. एवढंच म्हणतात, आणि त्याहून जास्त कुणाला काही सांगता येत नाही. हे "लक्ष ठेवा" किती वर्षं चालणार, हेही नाही. वालुयो आईला न्यायला आला होता. "बू, चला. तुमच्याशिवाय ती शांत होत नाही असं नाही, पण चला."

"आणि ही?" तिने पडवीकडे बोट केलं. पिंपं जिथे होती तिथे आता विटांवर फळ्या, फळ्यांवर ती पोती, वर दुहेरी प्लास्टिक. शेडीतलं चुलाण थंड आहे. ताहू बंद.

"राहू देत की इथे."

"आणि पाऊस आत शिरला की पुन्हा विहिरीत? मी इथून हलले की हे कुणाचंच नाही रे. जोवर मी आहे तोवर निदान कुणाचं तरी आहे."

तो एकटाच परत गेला. ती रोज सकाळी प्लास्टिकची कड चाचपते, कुठे फाटलंय का बघते. नातीला फोनवर बघते तेव्हा पोतं चाचपलेले हात पदरात लपवते, जसं काही फोनमधून काही पोचेल.

कुंडाची भिंत अजून तडकलेलीच आहे. आमच्या अर्जांना उत्तर असं येतं की विषय विचाराधीन आहे. पलीकडच्या गावात परवाच कुणी नवी मंडळी बरण्या घेऊन आली होती, लोक टाळ्या वाजवत होते. मी धावत गेले.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, कुणी काळ्या पाण्याचा पेला डोळ्यांदेखत नितळ करून उंच धरला तर टाळ्या वाजवू नका. त्याला तो पेला खाली ठेवायला लावा. साका कुठे आहे, कोण नेणार, कुठे नेणार, हे त्याच्याकडून वदवून घ्या. आणि तो दाखवेपर्यंत तिथून हलू नका.